जर्सीवरचं नाव सुटतं का, आणि यंदा ते कसं लावून घ्यावं

विचारणाऱ्याची अडचण थोडक्यात अशी. मंडळाच्या कबड्डी संघासाठी गेल्या वर्षी तयार मरून जर्सी घेतल्या आणि मागे मराठीत पांढरी नावं चिकटवून घेतली. तीन-चार धुण्यांत अक्षरांच्या कडा उचलल्या, कुणाच्या नावावरचा अनुस्वार गेला, कुणाची मात्रा गेली, आणि पांढरी नावं हळूहळू गुलाबी पडली. दुकानदार म्हणतो, तुम्ही नीट धुतलं नाही. यंदा नवीन जर्सी करायच्या आहेत, नावं मराठीतच हवीत, तर ती शिवून घ्यावीत की छापून? आणि जुन्या जर्सींचं काही होईल का?

सोलापुरात गणवेश आणि खेळाचे कपडे शिवण्या-छापण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. हा प्रश्न माझ्याकडे दर हंगामात येतो, आणि तो नेहमी 'शिवून की छापून' अशाच शब्दांत येतो. पण त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात. कापड कुठलं आहे, आणि नाव कापडावर येणार ते जर्सी शिवण्याआधी की शिवून झाल्यावर? या दोन्हींची उत्तरं मिळाली की पद्धत जवळपास आपोआप ठरते. कापड न बघता 'ही पद्धत सगळ्यात टिकाऊ' असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

आधी गेल्या वर्षी काय बिघडलं ते बघू, कारण तेच बघून यंदाचं ठरवायचं आहे. एक जर्सी उजेडात धरा. अक्षर जिथून निघालं तिथलं कापड अगदी स्वच्छ असेल, तर नावाच्या फिल्मचा (ज्यातून अक्षरं कापतात त्या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचा) डिंक कापडात उतरलाच नव्हता. म्हणजे प्रेसची (नाव दाबून चिकटवणाऱ्या गरम यंत्राची) उष्णता, दाब किंवा वेळ यातलं काहीतरी कमी पडलं, किंवा कापडात ओल होती. पावसाळ्यात कापड नुसतं गठ्ठ्यात पडून राहिलं तरी दमट होतं. म्हणून नाव ठेवण्याआधी रिकामी जर्सी काही सेकंद दाबून कोरडी करून घ्यावी लागते. घाईत हे सर्रास वगळलं जातं. उलट, कापडावर डिंकाचा मळकट ठसा राहिला असेल आणि वरची फिल्मच गेली असेल, तर दोष फिल्मचा किंवा ती सोलण्याच्या वेळेचा. काही फिल्म गरम असतानाच सोलायच्या असतात, काही पूर्ण थंड झाल्यावर, आणि त्यात गल्लत झाली की वरचा थर अर्धवट सुटून येतो. अक्षर जागेवर आहे पण त्याला भेगा आहेत, तर कापड ताणलं जातंय आणि फिल्म ताणली जात नाही. फक्त कॉलरच्या किंवा खांद्याच्या शिवणीजवळची अक्षरं उचलली असतील तर दाब सारखा पडलेला नाही. शिवण जाड असते, प्रेसची वरची पाटी तिच्यावर टेकते आणि शेजारच्या अक्षरावर दाबच येत नाही. अशा वेळी जर्सीच्या आत फोमची किंवा सिलिकॉनची गादी सरकवायची असते, म्हणजे नावाचा भाग शिवणीच्या वर येतो.

आता गुलाबी रंगाचं. याचा तुमच्या धुण्याशी काहीच संबंध नाही. पॉलिस्टर ज्या रंगांनी रंगवतात ते उष्णतेने वाफ होऊन वर सरकतात. गरम प्रेसखाली मरून कापडातला रंग सुटतो आणि वरच्या पांढऱ्या फिल्ममध्ये शिरतो. मरून आणि लाल या बाबतीत सगळ्यात त्रासदायक. ताबडतोब दिसतंच असं नाही. नाव संध्याकाळी पांढरंशुभ्र असतं आणि दोन दिवसांनी गुलाबी झाक दिसायला लागते, त्यामुळे दुकानदाराला खरंच वाटू शकतं की हे घरी झालं.

तुमच्या जर्सींवर कडा उचलणं आणि गुलाबी पडणं दोन्ही आहे, आणि त्यातूनच मला मुळातलं कारण दिसतं. साध्या पीयू (पॉलियुरेथेन) फिल्मला चिकटायला साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअस उष्णता आणि १०-१५ सेकंद लागतात. एवढ्या उष्णतेत मरून पॉलिस्टर रंग सोडायला लागतं. रंगाच्या भीतीने उष्णता कमी केली तर डिंक वितळत नाही आणि कडा उचलतात. कडांच्या भीतीने वाढवली तर नाव गुलाबी. साधी फिल्म घेऊन यातून सुटका नाही. बाजारात यासाठी वेगळी फिल्म मिळते, जिच्या पाठीला रंग अडवणारा करडा किंवा काळा थर असतो आणि जी १२० ते १३० अंशांच्या आसपास चिकटते. तिला ब्लॉकआउट म्हणतात. महाग असते. तयार गडद जर्सीवर पांढरं नाव हवं असेल तर तीच वापरायला सांगा.

धुण्याचा भाग अगदीच नाही असं मात्र नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घामट कपडे पावडरच्या बादलीत दीड-दोन दिवस भिजत पडतात, मग दगडावर ब्रशने घासले जातात, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तापल्या पत्र्यावर वाळतात. चिकटवलेल्या नावाला हे तिन्ही मारक. जर्सी उलटी करून, थोडा वेळच भिजवून, हाताने चोळून, सावलीत वाळवली तर त्याच नावाचं आयुष्य कितीतरी वाढतं. नाव लावल्यावर पहिला दिवसभर तरी जर्सी पाण्यात घालू नये. इस्त्री नावावरून कधीच फिरवू नये. पण नीट लावलेलं नाव तीन-चार धुण्यांत सुटत नाही, चुकीचं धुतलं तरी. एवढं त्या दुकानदाराला शांतपणे सांगायला हरकत नाही.

यंदा जर्सी नव्याने शिवणार आहात, ही तुमच्या बाजूची सगळ्यात मोठी गोष्ट. कापड शंभर टक्के पॉलिस्टर घ्या आणि नावं शिवण्याआधीच सब्लिमेशनने छापून घ्या. माझा सल्ला हाच, आणि कबड्डीसाठी तर मी दुसरं काही सुचवणारच नाही.

सब्लिमेशनमध्ये डिझाईन आधी कागदावर छापतात. मग तो कागद आणि पांढरं पॉलिस्टर एकत्र साधारण १९० ते २०० अंशांवर दाबतात. कागदावरच्या शाईची वाफ होते आणि ती धाग्याच्या आत शिरून तिथेच बसते. गेल्या वर्षी ज्या गुणाने तुमची नावं गुलाबी केली, तोच गुण इथे कामाला लावलेला असतो. आपल्या सोलापुरी चादरीची नक्षी विणीतच असते, वर लावलेली नसते, तसं हे नाव कापडाचाच भाग होतं. बोट फिरवलं तर हाताला लागत नाही. सुटायला काही उरतच नाही. आणि कबड्डीत प्रतिस्पर्धी पाठीला, कमरेला, जिथे हात पडेल तिथे धरतो. चिकटवलेल्या किंवा शिवलेल्या नावाची कड त्याच्या बोटात अडकते, तिथूनच ते फाटतं. सब्लिमेशनला कडच नसते.

दोन मर्यादा आधीच समजून घ्या. एक, या पद्धतीत पांढरी शाई नसते. मरून जर्सीवर पांढरं नाव हवं म्हणजे कापड पांढरं घ्यायचं, नावाची जागा कोरी सोडायची आणि बाकी सगळं मरून छापायचं. त्यामुळे जर्सी खूप ताणली की गडद भागात आतला पांढरेपणा किंचित दिसतो. जर्सी अंगाबरोबर असावी म्हणून लायक्रा मिसळलेलं कापड घेतलंत तर हे जरा जास्त जाणवेल, कारण लायक्राचा धागा हा रंग नीट पकडत नाही. खेळाला लायक्रा चांगलंच, पण त्याचं प्रमाण कमी असलेलं बघा. दुसरी मर्यादा, हे सुती कापडावर टिकत नाही. सुती मिसळीच्या पीसी कापडावर छापलं तर पहिल्या दिवशी छान दिसतं आणि धुण्यागणिक विटत जातं. कापडाबद्दल शंका असेल तर कडेचे दोन-चार धागे काढून काडीने पेटवा. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते. मिसळीच्या कापडात दोन्ही थोडं थोडं दिसतं.

मग शिवलेलं नाव वाईट का? मुळीच नाही. खेळ आणि कापड वेगळं असेल तर तेच उत्तम. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये ट्विल नावाच्या जाड कापडाची अक्षरं कापून झिगझॅग टाक्याने शिवतात आणि ती जर्सी विरेपर्यंत टिकतात. तिथे १९६० साली शिकागो व्हाइट सॉक्स संघाने पाठीवर नावं घालायला सुरुवात केली. न्यू यॉर्क यँकीजच्या जर्सीवर आजही फक्त आकडा असतो. फुटबॉलचा रस्ता वेगळा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये १९९३-९४ च्या हंगामापासून नावं आली आणि ती उष्णतेने दाबूनच लावतात, कारण तिथलं कापड पातळ, घाम भरपूर, आणि जाड अक्षरांचं ओझं खेळाडूला नको असतं. क्रिकेटमध्ये १९९२ च्या विश्वचषकात रंगीत कपड्यांवर नावं दिसली. कसोटीच्या पांढऱ्या शर्टावर नाव-आकडा यायला २०१९ ची अ‍ॅशेस मालिका उजाडावी लागली. प्रत्येक खेळाने आपलं कापड आणि आपली हालचाल बघून ठरवलं, आपणही तेच करायचं.

कबड्डीच्या पातळ निटिंग कापडावर मोठं नाव कॉम्प्युटर भरतकामाने करू नका, कितीही भारी दिसलं तरी. दाट टाके पातळ कापड ओढून घेतात, भोवती चुण्या पडतात, आणि आतून लावलेलं बॅकिंग (टाक्यांच्या आधाराचं अस्तर) घामात पाठीला टोचतं. भरतकाम ट्रॅकसूटच्या वरच्या जाकिटावर करा, छातीवर मंडळाचं बोधचिन्ह आणि खाली लहान नाव. तिथे ते वर्षानुवर्षं राहतं.

हल्ली सगळीकडे डीटीएफ आहे म्हणून त्याबद्दलही सांगते. यात नाव फिल्मवर छापतात, त्यावर डिंकाची पावडर भाजतात आणि प्रेसने कापडावर उतरवतात. कापड कुठलंही चालतं, रंग कितीही चालतात, एकच नग असला तरी परवडतं. पण ते शेवटी वर बसलेलं असतं, ताणात भेगाळतं, आणि गडद पॉलिस्टरवर गुलाबी होण्याचा धोका तोच. ऐनवेळी आलेल्या एखाद्या खेळाडूसाठी ठीक. पूर्ण संघासाठी, तेही नवीन शिवताना, नको.

आता मराठी नावांकडे येते, कारण इथे चुका जास्त होतात आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

यंदा सब्लिमेशन केलंत तर यातला अर्धा त्रास वाचेल, पण फिल्म कापून नावं लावायची वेळ आलीच तर लक्षात ठेवा. इंग्रजी नावात प्रत्येक अक्षर सुटं असतं. मराठी नाव शिरोरेघेने जोडलेलं, म्हणजे फिल्मचा एकच सलग तुकडा. लावायला ते सोपं, सरळ बसतं. पण कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं एकमेकांत 'वेल्ड', म्हणजे जोडून एकसंध, केली नसतील तर कटर शिरोरेघेच्या प्रत्येक सांध्यावर आडवी चीर मारतो आणि नाव तिथूनच उकलतं. वेल्ड केलं तरी शिरोरेघ म्हणजे पाठीवर आडवी, न ताणणारी पट्टी. खेळाडू खांदे पसरतो तेव्हा कापड ताणतं, रेघ ताणत नाही, आणि पहिली भेग तिथेच पडते. म्हणून देवनागरीसाठी ताणली जाणारी फिल्मच हवी. अनुस्वाराचा टिंब सुटा तुकडा असतो. गोल, लहान, धरायला जागा कमी, म्हणून तो पहिला जातो. तुमच्या नावांवरचे अनुस्वार असेच गेले. टिंब जरा मोठा करून शिरोरेघेला चिकटवून घ्यावा. वाचायला काही बिघडत नाही आणि तो टिकतो. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ कुठेच ठेवू नये.

सब्लिमेशनमध्येही उरतो तो प्रश्न उंचीचा. वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरं, त्यामुळे 'कदम' आणि 'मुळे' एकाच मापाने टाईप केले तरी पाठीवर सारखे दिसत नाहीत. सगळ्या नावांची शिरोरेघ कॉलरच्या शिवणीपासून एकाच अंतरावर ठेवा आणि वरच्या मात्रांसाठी जागा धरून चला. खाली आकडा सुरू होण्याआधी उकारांसाठी मोकळी जागा सोडा, नाहीतर 'मुळे'चा उकार आकड्याला जाऊन टेकतो.

लांब नावांना घाबरू नका. आपल्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चारही घरांतली मुलं एका संघात असतात आणि आडनावांची लांबी वाटेल तशी असते. 'कल्याणशेट्टी' इंग्रजीत लिहिलं तर बारा-तेरा अक्षरं पाठभर पसरतात, मराठीत ते पाच अक्षरांत बसतं. तरीही एखादं नाव मावत नसेल तर तेवढंच चेपून बारीक करू नका, ते लांबून वाचता येत नाही आणि संघात वेगळं पडतं. सगळ्यात लांब नाव सगळ्यात लहान मापाच्या जर्सीवर नीट बसेल अशी उंची काढा आणि तीच सगळ्यांना द्या. एकावर एक चढणारी जोडाक्षरं, जसं 'ट्ट' किंवा 'द्ध', आडवी किंवा पाय मोडून लिहिणारा जाड ठशाचा फाँट निवडा. शोभेचे वळणदार फाँट मैदानावर कुणाला वाचता येत नाहीत.

आणि नावं तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही पाठवलेली यादी युनिकोडमध्ये असते. छापणाऱ्याकडे बऱ्याचदा जुन्या पद्धतीचे फाँट असतात. एकातून दुसऱ्यात नेताना ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, 'कुऱ्हाडे'मधला 'ऱ्ह' तुटतो, रफार सरकतो. शिवाय मुलाणी की मुलानी, गड्डम की गडम, हे संघाच्या व्यवस्थापकाला नक्की माहीत असतंच असं नाही. प्रत्येक खेळाडूकडून त्याच्या हाताने नाव लिहून घ्या, आणि छापण्याआधी सगळ्या नावांचं एक पान कागदावर काढून प्रत्येकाची सही घ्या. पडद्यावर बघून 'ओके' म्हणू नका. अशी चूक मोठ्या ठिकाणीही होते. २००९ साली वॉशिंग्टन नॅशनल्स या बेसबॉल संघाचे दोन खेळाडू मैदानात उतरले तेव्हा छातीवरच्या संघाच्या नावातला 'ओ'च गायब होता. त्यांनी दुसरी जर्सी काढली असेल. आपल्या मुलाकडे तीच एक जर्सी असते, आणि पाठीवर स्वतःचं नाव चुकीचं घेऊन खेळताना त्याला काय वाटत असेल हे मला प्रत्येक ऑर्डरच्या वेळी आठवतं.

आकड्याबद्दल एवढंच की नाव मराठीत असू द्या, पण आकडे इंग्रजी ठेवा, पंच आणि गुणलेखक पटकन वाचतात. कबड्डीच्या नियमात आकडा पुढे किमान ४ इंच आणि मागे किमान ६ इंच उंचीचा लागतो. आधी आकड्याची जागा आखा, उरलेल्या जागेत नाव. मोठ्या स्पर्धेला जाणार असाल तर नावाची लिपी आणि जागा आयोजकांना आधीच विचारा.

एक अडचण मात्र सब्लिमेशन सोडवत नाही. खेळाडू बदलला तर नाव बदलता येत नाही. तुमच्या संघात दरवर्षी मुलं बदलत असतील तर दोन-तीन जर्सी फक्त आकडा छापून, नावाविना जास्तीच्या शिवून ठेवा. नंतर येणाऱ्याचं नाव त्यावर ब्लॉकआउट फिल्मने लावता येईल. या जास्तीच्या जर्सी पहिल्याच ऑर्डरमध्ये घ्या. पुढच्या वर्षी तीच फाईल दिली तरी कापडाचा लॉट आणि शाई वेगळी असते आणि मरून थोडा वेगळा येतो.

पैसे देण्याआधी छापणाऱ्याकडून त्याच कापडाच्या तुकड्यावर एक नाव मागा. तो तुकडा घरी न्या, तुम्ही एरवी धुता तसाच पाच-सहा वेळा धुवा, दोन्ही हातांनी आडवा ताणून बघा. चांगला कारागीर याला कधी नाही म्हणत नाही. वेळही धरून चला. मार्च ते जून इथले बहुतेक शिलाईवाले शाळेच्या गणवेशात गुंतलेले असतात. त्या काळात सोळा जर्सींचं काम कुणी घेतलं तरी ते रात्री उशिरा, घाईत होतं. स्पर्धा उन्हाळ्यात असेल तर ऑर्डर फेब्रुवारीतच द्या.

राहिल्या जुन्या जर्सी. ज्या नावांच्या नुसत्या कडा उचलल्यात आणि पाठीमागे डिंक दिसतोय, ती प्रेसवाल्याकडे नेऊन वर टेफ्लॉनची न चिकटणारी शीट ठेवून पुन्हा दाबून घेता येतात. घरच्या इस्त्रीने करू नका, दाब सारखा पडत नाही आणि कापड चकाकतं. पुन्हा दाबलेलं नाव सरावापुरतं चालेल, स्पर्धेत त्याचा भरवसा नको. गुलाबी झालेलं पांढरं परत पांढरं होत नाही. ती नावं गरम करून सोलून काढली तरी जागेवर फिकट-गडद खूण राहते, कारण भोवतीचं कापड उन्हाने उतरलेलं असतं. तिथे त्याच मापाची पॉलिस्टरची पट्टी चारही बाजूंनी शिवून घ्या आणि पट्टीवर शिवण्याआधी सब्लिमेशनने नाव छापा. पट्टी पांढरी, नाव मरून. सरावाला धरपकडीत ती एखाद्या बाजूने उसवली तरी पुन्हा टाका घालता येतो, आणि मुलगा संघ सोडून गेला तर उसवून दुसऱ्याची लावता येते.